फीचर शिकवताना: विद्यार्थ्याला परत पाठवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वर्गात वीस-बावीस विद्यार्थी आहेत. बातमी नीट लिहितात, शुद्धलेखन बरं आहे, परिच्छेद पाडता येतात. पण फीचर, म्हणजे एखाद्या माणसावर, जागेवर किंवा कामावर जाऊन-पाहून लिहिलेला वृत्तपत्री लेख, लिहायला सांगितलं की एक तर निबंध येतो, नाहीतर इंटरनेटवरच्या माहितीची गोळाबेरीज. चांगली फीचर्स वाचून दाखवली, इंट्रो कसा असावा, शेवट कसा असावा हे फळ्यावर लिहून दिलं, तरी फरक पडत नाही. मग शिकवायचं तरी काय?

मी हे काम बरीच वर्षं करते आहे. पहिली काही वर्षं तुम्ही करताय तेच मीही करत होते, आणि माझ्याही हाती तेच लागत होतं. हळूहळू लक्षात आलं की या टप्प्यावरच्या मुलांचं घोडं लेखनापाशी अडत नाही, त्याच्या बरंच आधी अडतं. त्यांच्याकडे लिहायला पुरेसा ऐवजच नसतो. रिकाम्या झोळीनं बसलेला माणूस विशेषणं काढतो, सुभाषितं काढतो, आणि तेवढ्यानंही पान भरलं नाही तर विश्वकोश काढतो. तेव्हापासून माझा निम्म्याहून जास्त वेळ त्यांना परत पाठवण्यात जातो: त्याच जागी, त्याच माणसाकडे, दुसऱ्यांदा. पुढचं सगळं याच एका गोष्टीभोवती आहे.

आधी निदान. पहिला मसुदा हातात आला की मी त्यावर एकही दुरुस्ती करत नाही. विद्यार्थ्यालाच परत देते आणि प्रत्येक वाक्याशेजारी समासात एक अक्षर लिहायला सांगते. स्वतः पाहिलेलं असेल तर ‘पा’, कुणी सांगितलेलं ऐकलं असेल तर ‘ऐ’, कुठे वाचलेलं असेल तर ‘वा’, आणि स्वतःच्या मनातलं असेल तर ‘म’. दहा मिनिटांचं काम. पण समासाकडे नजर टाकली की काहीच समजवावं लागत नाही. निबंध लिहिणाऱ्याच्या समासात वरपासून खालपर्यंत ‘म, म, म’ असतं. माहिती गोळा करणाऱ्याच्या समासात ‘वा’ची रांग. एकाच मुलाखतीवर अख्खा लेख उभा करणाऱ्याकडे ‘ऐ’ सोडून काही नसतं, म्हणजे तो माणूस बोलला आणि यानं उतरवून घेतलं. ‘पा’ जवळजवळ कुणाकडेच नसतं. एका मुलानं वाक्याशेजारी ‘पा’ लिहिलं, मग खोडून ‘म’ केलं, आणि मान वर करून म्हणाला, “मॅडम, मला वाटत होतं मी हे पाहिलंय.” त्या दिवशी त्याला आणखी काही शिकवायची गरज पडली नाही.

चारही अक्षरं लागतात, हेही सांगा. मुलं एका टोकावरून दुसऱ्या टोकाला जातात आणि नुसतं ‘पा’ लिहून आणतात: भिंत निळी होती, पंखा फिरत होता, खुर्चीवर एक बाई बसल्या होत्या. तो पंचनामा झाला.

आता विषयाबद्दल. विद्यार्थी विषय आणतात आणि विषय नेहमी प्रचंड असतात: वाचनसंस्कृतीचा ऱ्हास, तरुणाई आणि सोशल मीडिया, वृद्धांचा एकटेपणा. यांवर परिसंवाद होतो, फीचर होत नाही. माझ्या वर्गात विषयाला मंजुरी मिळत नाही, प्रश्नाला मिळते. प्रश्न असा हवा की ज्याचं उत्तर विद्यार्थ्याला आज ठाऊक नाही आणि जे कुठेतरी जाऊन, कुणाला तरी विचारून किंवा काहीतरी मोजून मिळू शकतं.

एक उदाहरण सविस्तर सांगते, कारण पुढे तेच वापरणार आहे. एक विद्यार्थिनी ‘वाचनसंस्कृतीचा ऱ्हास’ घेऊन आली. मी विचारलं, हा ऱ्हास कुठे उभं राहिल्यावर दिसेल? ती म्हणाली, ग्रंथालयात. ग्रंथालयात नेमकं कुठे? देवघेवीच्या टेबलापाशी, वाचनकक्षात, की जुनी पुस्तकं बांधतात त्या मागच्या खोलीत? त्या खोलीचं तिला ठाऊकच नव्हतं. ती गेली. तिथे एक गृहस्थ फाटक्या पुस्तकांना नवे पुठ्ठे घालत बसलेले असतात, एवढं कळलं आणि तिनं पहिला मसुदा आणला. त्यात त्यांची जिद्द होती, चिकाटी होती, अविरत सेवा होती आणि डिजिटल युगाची आव्हानं होती. समासात सगळं ‘म’ आणि थोडं ‘ऐ’. मी तिला एकच प्रश्न देऊन परत पाठवलं: सगळ्यांत जास्त कोणती पुस्तकं फाटून येतात?

दुसऱ्या फेरीहून ती आली तेव्हा तिची वही भरलेली होती. सगळ्यांत जास्त फाटतात ते शब्दकोश आणि परीक्षेची पुस्तकं. कोशाची पाठ मधोमध मोडते, कारण तो उघडून टेबलावर पालथा दाबतात. कादंबऱ्यांची पहिली आणि शेवटची पानं सुटतात, मधली शिवण शाबूत राहते. आणि कपाटात एक खण असा होता जिथली पुस्तकं त्यांच्याकडे कधीच येत नाहीत, कारण ती कुणी उघडतच नाही. “जे फाटत नाही त्याची मला काळजी वाटते,” असं ते गृहस्थ सहज बोलून गेले होते. वाचनसंस्कृतीबद्दल तिला जे म्हणायचं होतं ते सगळं त्या फाटण्याच्या नोंदीत आपसूक आलं होतं, तेही तिच्या मूळ समजुतीपेक्षा वेगळ्या रूपात. लोक वाचत नाहीत असं तिनं गृहीत धरलं होतं. प्रत्यक्षात लोक काय वाचतात हे पुस्तकांच्या जखमांवरून वाचता येत होतं.

हे पहिल्या भेटीत का सापडलं नाही? कारण पहिल्या भेटीत माणूस पाहुण्याशी बोलतो. त्याला वाटतं आपण काहीतरी छापण्याजोगं सांगायला हवं. मग तो स्वतःच निबंधाच्या भाषेत बोलू लागतो आणि विद्यार्थी खूश होऊन ते लिहून घेतो. दुसऱ्या भेटीत तोच माणूस काम करता करता बोलतो. शिवाय पहिला मसुदा लिहिल्यावर विद्यार्थ्याला आपल्याकडे काय नाही हे कळलेलं असतं, त्यामुळे दुसऱ्या भेटीतले प्रश्न धारदार होतात. म्हणून माझ्याकडे दुसरी फेरी हा कच्च्या मुलांचा दंड नाही. सगळ्यांना जावं लागतं. ज्याचा पहिला मसुदा झकास जमलाय त्यालाही, किंबहुना त्याला आधी.

प्रश्न विचारण्याचा सरावही वर्गात करून घ्या. ‘तुम्हाला कसं वाटतं?’, ‘तुमची प्रेरणा काय?’, ‘तरुणांना काय संदेश द्याल?’ या तिन्हींवर माझ्याकडे सरसकट बंदी आहे. त्यांऐवजी: आज सकाळी आल्यावर आधी काय केलंत? शेवटचं काम चुकलं तेव्हा काय झालं होतं? हे अवजार हातात कधी आलं? तुमच्या कामात नवशिक्या लगेच कशावरून ओळखू येतो? हा शेवटचा प्रश्न फार गुणी आहे. कोणत्याही व्यवसायातल्या माणसाला विचारा, तो हातातलं काम थांबवून बोलू लागतो.

निरीक्षणासाठी मी एकच व्यायाम घेते. वीस मिनिटं एका जागी बसायचं, फोन बंद ठेवायचा आणि फक्त नोंदी करायच्या. पहिल्या सात-आठ मिनिटांत दिसेल ते संपतं, मग कंटाळा येतो, आणि कंटाळा ओसरल्यावर खरं दिसायला लागतं. बसस्थानकाच्या चौकशी खिडकीसमोर बसलेल्या एका मुलानं लिहिलं होतं की लोक प्रश्न विचारतात, उत्तर मिळतं, आणि तरी तोच प्रश्न मागच्या माणसाला पुन्हा विचारतात. ती नोंद अठराव्या मिनिटाची होती. नोंदींपुढे वेळ टाकायला लावा, म्हणजे हे तुम्हालाही पडताळून पाहता येईल.

तपशिलाच्या निवडीसाठी मी दोन जुने दाखले सांगते. जॉन केनेडींच्या अंत्यविधीच्या वेळी, नोव्हेंबर 1963 मध्ये, वार्ताहरांची झुंबड उडाली असताना न्यूयॉर्क हेरल्ड ट्रिब्यून या दैनिकाचे स्तंभलेखक जिमी ब्रेस्लिन यांनी आर्लिंग्टन दफनभूमीत केनेडींची कबर खणणाऱ्या क्लिफ्टन पोलार्ड यांच्यावर लिहिलं. त्यांची मजुरी तासाला 3.01 डॉलर होती आणि ती त्या लेखात नोंदलेली आहे. अंत्यविधीच्या वेळी पोलार्ड तिथे नव्हते, त्याच दफनभूमीच्या दुसऱ्या भागात कबरी खणत होते. ते ती कबर पाहायला गेले तर गर्दीमुळे त्यांना पुढे जाता आलं नाही. मुलांना विचारा, यात शोक हा शब्द कुठे आहे? आणि 3.01 मधला तो एक सेंट लेखकानं गाळून सरळ तीन का नाही लिहिलं?

दुसरा दाखला 1978 चा. बाल्टिमोरच्या इव्हिनिंग सन या दैनिकात जॉन फ्रँकलिन यांनी मेंदूच्या एका अवघड शस्त्रक्रियेवर लिहिलं, आणि 1979 मध्ये अमेरिकेतल्या पत्रकारितेच्या पुलित्झर पुरस्कारांत फीचर लेखनाचा विभाग सुरू झाला तेव्हा पहिला पुरस्कार त्यालाच मिळाला. लेखाच्या सुरुवातीला शल्यविशारदाची सकाळची न्याहारी आहे. त्यात कॉफी नाही, कारण कॉफीनं हात थरथरतो. एवढ्या एका गोष्टीतून पुढे काय पणाला लागणार आहे ते कळतं. शस्त्रक्रियेची जोखीम, डॉक्टरांचं कौशल्य, ताण यांवर वेगळा परिच्छेद लागत नाही. विद्यार्थ्यांना सांगा: तुमच्या माणसाच्या दिवसात ‘कॉफी नाही’ अशी जागा शोधा. अशी जागा असते. ती पहिल्या फेरीत दिसत नाही, एवढंच.

दाखले मात्र दोनच द्या आणि तुकड्यांतून द्या. मी सुरुवातीला अख्खी गाजलेली फीचर्स वाटायचे. त्याचा परिणाम असा झाला की मुलं घाबरली, किंवा त्या लेखकाचा सूर उचलून नक्कल करू लागली. पुस्तक बांधणाऱ्यावरच्या लेखात महानगरी उपरोध येऊ लागला. आता मी एखादा परिच्छेद देते आणि विचारते, हे वाक्य लिहिण्यासाठी लेखकाला कुठे जाऊन काय विचारावं लागलं असेल? वाचनाचा तास आपोआप वार्तांकनाचा तास होतो.

रचनेवर मी फारसं बोलत नाही. बातमीतला उलटा पिरॅमिड, म्हणजे सगळ्यांत महत्त्वाचं सगळ्यांत वर, इथे मोडतो, हे एकदा सांगायचं. वाचकाला शेवटपर्यंत न्यायचं असेल तर सगळा माल दुकानाच्या दारातच मांडून चालत नाही. त्यापलीकडे या टप्प्यावर दोनच रचना पुरेशा आहेत. एक, काळाच्या क्रमानं: सकाळ ते संध्याकाळ, काम हाती येणं ते संपणं. फ्रँकलिन यांचा लेखही मुळात घड्याळाच्या क्रमानंच जातो. दुसरी, एका प्रसंगानं सुरुवात, मग थोडं मागे जाऊन संदर्भ, मग पुन्हा प्रसंग. फ्लॅशबॅकच्या आत फ्लॅशबॅक करू पाहणाऱ्या हुशार मुलाला थांबवा. त्याला आधी सरळ रेषेत चालता येतंय का ते पाहा.

एका परिच्छेदाचा मात्र मी आग्रह धरते. इंग्रजी वार्ताहरांच्या बोलीत त्याला ‘नट ग्राफ’ म्हणतात. मी वर्गात त्याला ‘हे मी तुम्हाला का सांगतेय’ परिच्छेद म्हणते. प्रसंग रंगला, वाचक आत आला, आता तिसऱ्या-चौथ्या परिच्छेदाच्या सुमारास त्याला कळायला हवं की हा लेख कशाबद्दल आहे आणि आत्ताच का. निबंधाची सवय असलेली मुलं हा परिच्छेद पहिलाच लिहून बसतात. कथा लिहिणारी मुलं तो लिहीतच नाहीत. दोघांनाही तोंडी विचारा: “मला दोन वाक्यांत सांग, मी हे का वाचू?” ती जे बोलतात तेच बहुधा लिहिण्याजोगं असतं. ते बोलत असताना तुम्ही लिहून घ्या आणि कागद त्यांच्या हातात द्या.

आता भाषेकडे वळते, कारण मराठीत शिकवताना इथे काही खास अडचणी येतात.

अमेरिकन भाषाविद एस. आय. हायाकावा यांनी अमूर्ततेची शिडी ही कल्पना लोकप्रिय केली. खालच्या पायरीवर हाताला लागणारी वस्तू, वरच्या पायरीवर कल्पना. आमच्या उदाहरणात सगळ्यांत खाली आहे मधोमध मोडलेली कोशाची पाठ, आणि सगळ्यांत वर आहे ज्ञानाची भूक. चांगलं फीचर या दोन टोकांमध्ये वर-खाली करत राहतं. मुलं अडकतात ती मधल्या पायऱ्यांवर, आणि मराठीत या मधल्या पायऱ्यांवर सरकारी परिपत्रकाची भाषा मुक्कामाला असते: ‘ग्रंथसंपदेच्या जतनाच्या दृष्टीने विविध उपाययोजना राबविण्यात येत आहेत.’ या वाक्यात कुणी माणूस नाही, वस्तू नाही, कल्पनाही नाही. ‘करण्यात येते’, ‘राबविण्यात येते’, ‘दृष्टीने’, ‘संदर्भात’ हे शब्द दिसले की मी विचारते, कोण करतं? किती वाजता? हातात काय असतं? उत्तर आलं तर वाक्य खालच्या पायरीवर उतरतं. उत्तर आलं नाही तर विद्यार्थी परत जातो.

दुसरी अडचण ठरलेल्या सुरुवातींची. ‘आजच्या धकाधकीच्या जीवनात’, ‘काळाच्या ओघात’, ‘हाताच्या बोटांवर मोजण्याइतके’. यांची यादी करून भिंतीवर लावा, मुलंच त्यात भर घालतात. अलीकडे आणखी एक साचा आलाय, वर्तमानकाळातल्या सिनेमाचा: ‘पहाटेचे पाच. दूर कुठेतरी कोंबडा आरवतो.’ लेखक त्या वेळी तिथे होता का? बहुतेकदा घरी झोपलेला असतो. समासात ‘पा’ लिहिता येत नसेल तर हा कोंबडा कापायचा.

तिसरी गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते आणि ती सहसा कुणी शिकवत नाही. मराठीत माणसाचा उल्लेख करताना ‘तो’ की ‘ते’, हे ठरवावंच लागतं. मुलं नकळत ठरवतात: ग्रंथपाल ‘ते’, पुस्तक बांधणारा ‘तो’. डॉक्टर ‘म्हणाले’, वॉर्डबॉय ‘म्हणाला’. एका लेखात मी असे सगळे उल्लेख नुसते वर्तुळात घेतले आणि काहीही न बोलता वही परत दिली. ती मुलगी लालेलाल झाली. नियम काय करायचा तो तुम्ही ठरवा. माझा नियम साधा आहे: ज्याला प्रत्यक्ष भेटल्यावर आपण अहो-जाहो केलं त्याला लेखातही अहो-जाहो. मुलाला अरे म्हणालो असू तर लेखातही तो ‘तो’.

याच्याच जोडीला बोलीचा प्रश्न. माणूस बोलतो त्याच्या बोलीत आणि विद्यार्थी लिहितो पाठ्यपुस्तकाच्या भाषेत. मग लेखातली पाचही माणसं एकाच आवाजात बोलतात. उलट काही मुलं बोलीचा इतका सोस करतात की कष्टकरी माणसाचं बोलणं विनोदी होऊन बसतं आणि शेजारचे साहेब मात्र प्रमाण मराठीत बोलत राहतात. मी सांगते, माणसाचे खास शब्द आणि वाक्याची ठेवण जशीच्या तशी ठेवा, उच्चाराच्या लकबी लिहून दाखवू नका. आणि जे साहेबांना लावाल तेच शिपायालाही लावा. साहेबही ‘ॲक्च्युअली’ दहा वेळा म्हणतात, ते कुणी छापत नाही.

आणखी एक बारीक गोष्ट. आपलं क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे पाच ओळींचं अवतरण संपल्यावर ‘असं अमुक यांनी सांगितलं’ येतं आणि तोवर वाचकाला कोण बोलतंय तेच कळत नाही. बोलणाऱ्याचं नाव आधी आणा. किंवा अवतरणाचं पहिलं छोटं वाक्य झाल्यावर त्याला आणा आणि मग बाकीचं बोलू द्या. अवतरणं कमीच ठेवा. माहिती लेखकानं सांगावी, माणसाच्या तोंडी तेच ठेवावं जे दुसरं कुणी तसं म्हणालं नसतं. ‘हे ग्रंथालय खूप जुनं आहे’ हे कुणाच्याही अवतरणात नको. ‘जे फाटत नाही त्याची मला काळजी वाटते’ हे लेखकानं स्वतःच्या शब्दांत सांगितलं तर पाप.

विशेषणांवर बंदी घालू नका, मुलं मग क्रियाविशेषणं वापरतात. त्याऐवजी सपाट सूरही किती पुरतो ते सांगा. जॉन हर्सी यांनी 1946 साली हिरोशिमातल्या सहा माणसांवर लिहिलेला दीर्घ लेख न्यूयॉर्कर या साप्ताहिकानं 31 ऑगस्टच्या अख्ख्या अंकात छापला होता. त्याचा सूर इतका सपाट आहे की नवख्या वाचकाला तो कोरडा वाटतो. बॉम्ब पडला त्या क्षणी ही सहा माणसं काय करत होती, कुठे बसली होती, हे तो नुसतं सांगत जातो. एवढ्या मोठ्या घटनेलाही आवाज चढवायची गरज पडली नाही, एवढं म्हणून मी पुढे जाते.

खोटेपणाबद्दल मात्र थांबून बोला, आणि तेही पहिल्या मसुद्याच्या आधी. फीचरमध्ये प्रसंग, संवाद, पात्र असं सगळं असतं, त्यामुळे चांगल्या मुलांनाही वाटतं की थोडं रचलं तर चालतं. तीन माणसांचं मिळून एक माणूस केलं, त्याला नाव दिलं, झालं. वॉशिंग्टन पोस्टमध्ये 1980 साली जॅनेट कूक यांनी हेरॉइनच्या विळख्यातल्या आठ वर्षांच्या मुलाची कहाणी लिहिली. 1981 मध्ये तिला फीचर लेखनाचं पुलित्झर जाहीर झालं आणि काही दिवसांतच ते परत करावं लागलं, कारण तो मुलगा अस्तित्वातच नव्हता. ही गोष्ट सांगून मी विचारते: नाव बदलायचं असेल तर काय कराल? वाचकाला सांगून बदला. संवाद आठवत नसेल तर? अवतरणचिन्हं काढून सारांश द्या. दोन दिवसांचे प्रसंग एका दिवसात घातले तर? नाही. इथे मी चर्चा करत नाही. माझ्या वर्गात रचलेला एक प्रसंग सापडला तर लेख शून्य, मग तो कितीही सुंदर असो. असं दोनदा करावं लागलं. एकदा तर सापडला तो प्रसंग लेखातला सगळ्यांत चांगला लिहिलेला होता, आणि खरं सांगायचं तर त्यावरूनच मला शंका आली.

शेवट हा तुम्हाला सगळ्यांत जास्त छळणारा भाग असेल. मराठी फीचरचा शेवट ‘त्यांच्या या कार्याला सलाम!’ असा होण्याची ओढ जबरदस्त असते. शेवटचे दोन परिच्छेद बोटांनी झाकून वाचायला लावा. दहातल्या सात-आठ लेखांचा खरा शेवट त्याआधीच होऊन गेलेला असतो. कधी तो मधेच कुठेतरी गाडला गेलेला असतो, तो उचलून खाली आणायचा. पुस्तक बांधणाऱ्यांच्या लेखात न फाटणाऱ्या खणाचा प्रसंग तिसऱ्या पानावर होता. तिथून काढून शेवटी नेला आणि त्याखालचा सलाम उडवला. विद्यार्थिनीला वाटलं लेख अर्धवट राहिला. तिला म्हटलं, दोन दिवसांनी वाच. दोन दिवसांनी ती त्याबद्दल काहीच बोलली नाही, आणि मीही विचारलं नाही.

वेळापत्रकाचं म्हणाल तर मी आठ आठवड्यांत एकच लेख करून घेते, साधारण बाराशे शब्दांचा. पहिले दोन आठवडे प्रश्न ठरवण्यात आणि वीस मिनिटांच्या नोंदींत जातात. तिसऱ्यात पहिली भेट, चौथ्यात मसुदा आणि समासातली अक्षरं, पाचव्यात दुसरी फेरी. सहाव्यात तो मसुदा बाजूला ठेवून, न पाहता पुन्हा लिहायचा. सातव्यात समोरासमोर बसून संपादन. आठवा तथ्यं तपासायचा. आठ आठवड्यांत चार लेख लिहून घेणारे सहकारी मला आळशी म्हणतात. चार लेखांत विद्यार्थी एकच चूक चार वेळा करतो असं माझं मत आहे, त्यांना ते पटत नाही, आणि आमचं सख्य अबाधित आहे.

संपादनाच्या बैठकीत लाल पेन हातात घेऊ नका. वीस लेख, प्रत्येकाला पंधरा मिनिटं, आणि विचारायचं ते इतकंच: कुठे कंटाळा आला, कुठे विश्वास बसला नाही, कुठे आणखी हवं होतं. शुद्धलेखन शेवटच्या प्रतीत पाहा. चौथ्या आठवड्यातच ऱ्हस्व-दीर्घ तपासलंत तर मुलं वाक्यं वाचवायच्या मागे लागतात आणि जी फेकून द्यायची तीच घट्ट धरून बसतात. गुणांपैकी निम्मे मी नोंदवहीला देते. सुरुवातीला कुरकुर होते, पण वही भरलेली असलेला कच्चा लेखक पुढच्या सत्रात सुधारतो, हे मी पुन्हापुन्हा पाहिलंय. सफाईदार लेख आणि कोरी वही असलेल्याबद्दल तसं म्हणवत नाही.

आणि जो जातच नाही त्याचं काय? प्रत्येक वर्गात दोघं-तिघं असतात. लाजरे असतात, अनोळखी माणसाशी बोलायचं म्हटलं की पोटात गोळा येतो. त्यांना पहिल्या फेरीला जोडीनं पाठवा: एकानं बोलायचं, दुसऱ्यानं फक्त पाहायचं आणि लिहायचं. लाजरी मुलं पाहण्यात बहुधा तरबेज निघतात. दुसऱ्या फेरीला मात्र एकटं जायचं. तोवर समोरचा माणूस अनोळखी राहिलेला नसतो.

आठव्या आठवड्यातलं तपासणीचं काम फोनवर होतं. लेख वाचून दाखवायचा नाही, फक्त त्यातली तथ्यं विचारून घ्यायची: नाव, वर्षं, आकडे, कामाची रीत. माझ्या त्या विद्यार्थिनीनं पुस्तक बांधणाऱ्यांना विचारलं, तुम्ही पाठीला गोंद लावता ना? ते म्हणाले, “गोंद नाही ताई, खळ. गोंद कडक होतो, पुढच्या माणसाला सोडवता येत नाही.” म्हणजे आपण बांधलेलं पुस्तक पुन्हा फाटणार, पुन्हा कुणीतरी सोडवणार, हे धरूनच ते बांधत होते. तिनं गोंद खोडून खळ लिहिलं, ते वाक्य जसंच्या तसं घातलं, आणि तिसऱ्या फेरीला जायची परवानगी मागितली.